नऊशे किलोमीटरवरून दिसलेलं रान

७ फेब्रुवारी १९७७, सांगली

हैदराबादहून फोटो आला. उपग्रहानं काढलेला! ऑफिसात ही गर्दी — साहेब कुणाला हात लावू देईनात. आणि शेवटी ट्रेसिंगला टाकला कुणापुढे? माझ्याच. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवतोय, खाली सही साहेबांची.

या फोटोत उभं पीक लाल दिसतं. साहेब म्हणाले, "हिरवं ते लाल समजायचं. त्यांची पद्धतच आहे ती." कृष्णा काळी, वाकडीतिकडी. आमच्या बाजूचं पलूस सापडायलाच तास गेला.

९ फेब्रुवारी

आमचं गाव सापडलं! नदीच्या वळणावरून ओळखलं. नऊशे किलोमीटर वरून काढलेला फोटो, आणि त्यात मी पोहायला शिकलो ते वळण! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

मग भिंग लावलं. वळणाच्या आत पांढरा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. भोवती सगळं लाल. गावच्या नकाशाशी तीनदा ताडून पाहिलं — आमचं काठाचं रान त्यातच येतंय. सगळं नऊ एकर.

रान आमचं आहे हे न सांगता साहेबांना विचारलं. म्हणाले, "उसाला पाणी पाजून पाजून मीठ वर आलंय. अजून तीन-चार वर्षं. मग तिथं काही उगवत नाही." फोटो गेल्या मे महिन्यातला. त्याच महिन्यात मी गावी गेलो तेव्हा दादा म्हणाला होता, "काठाच्या उसाचा खोडवा मोडलाय, म्हनून मोकळं दिसतंय." मी मान हलवली होती.

१३ फेब्रुवारी, रविवार

फोटो बाहेर न्यायची परवानगी नाही. म्हणून ऑफिसातच बसून रंगीत नक्कल काढली आणि पहिल्या एसटीनं गावी गेलो. दादा चौघांबरोबर गोठ्यापुढे बसलेला. कागद पसरला. म्हटलं, "दादा, हे आपलं रान. वरून असं दिसतं."

चौघांतला एक म्हणाला, "लाल? आरं, म्हंजी सगळा ऊस करपला की रं!"

झालं! सगळे हसायला लागले. दादाला तेवढंच हवं होतं. "नऊशे किलोमीटरवरनं ह्यास्नी दिसतंय, आन् हितं बांधावर हुबं ऱ्हाऊन मला दिसंना व्हय? आमचा कृष्णात आता आभाळातनं शेती करनार, गड्या!" वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

कागद गुंडाळला. पांढऱ्या ठिपक्याचं नावही काढलं नाही. परत येताना एसटीत जीव नुसता जळत होता.

२० फेब्रुवारी

रंगू सारखी मागे लागलीय. "भाऊ हाय तुमचा. पुन्यांदा जावा, सांगा." बायको माझी, कड दादाची! सांगायला गेलो नव्हतो का? सातवीतून शाळा सोडून दादा रानात राबला, तेव्हा मी शिकलो — हे जन्मभर ऐकत आलो. आणि शिकून आलो तर चारचौघांत माझीच टिंगल.

१ मार्च

पत्र लिहायला घेतलं. दोन ओळींवर फाडलं.

१२ मार्च

ऑफिस सगळं इलेक्शनच्या कामाला जुंपलंय. दादाचं पत्र आलं. पाडव्यानंतरच्या रविवारी वाटणी करून टाकायची, लालासाहेब मामा मधे बसणार.

आमच्याकडची रीत — थोरल्यानं दोन वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला कमीजास्त पाडत नाही.

पत्र दोनदा वाचलं. आधी उचलणारा मी!

२७ मार्च, रविवार

वाटणी झाली. एका वाट्याला काठाचं नऊ एकर, पाण्याच्या इंजिनासकट. दुसऱ्याला माळाचं नऊ एकर, विहीर, आणि वर गावालगतचं दोन एकर. मी काय उचलणार हे सगळ्या गावाला आधीच माहीत होतं. मामा म्हणाले, "बोल, कृष्णात."

"माळाचं."

मामा म्हणाले, "आरं, काठाचं सोडून?"

"दादानं तिथं घाम गाळलाय. त्याचं त्याला राहू दे."

हे वाक्य मी एसटीत पाठ करून ठेवलं होतं. वहिनी रडायला लागल्या. मामांनी पाठीवर थाप मारली. दादा टोपी काढून खाली बघत बसला. गहिवरला असेल.

वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. पण त्यांच्या हसण्याची फेड झाली! खोटं मी बोललोच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं?

२ एप्रिल

रंगू ताट समोर आदळते आणि आत जाते. हिला काय लागतंय! अकरा एकर चांगलं रान मिळालं, त्याचं काही नाही.

ठिपक्याचं ट्रेसिंग आज पुरं झालं. साहेबांनी सही केली.

१० एप्रिल

दादा आला होता. आत आला नाही, चहा घेतला नाही. दारातूनच बोलला. "दोन उन्हाळं झालं, मातीची चव घिऊन बगतोय. खारट हाय. त्या दिशी चार मान्सांत बभ्रा नगं म्हनून थट्टेवारी न्हेलं. पर तुज्या कागदावर पांढरं बगितलं, तवाच कळलं, तुला बी ठाव हाय. वाटं पाडताना माळाकडं दोन एकर जादा घातलं. म्हनलं, धाकट्याला चांगलं जाऊ दे. फकस्त उचलायच्या आदी तू येकदा बोलशील वाटलं हुतं — दादा, काठाचं नासलंय. येवढंच."