पुलावर गाडी मागे कोणी घ्यावी, याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
रस्ते व पूल उपविभाग,
जि. बुलडाणा.

विषय : डोणगाव रस्त्यावरील इंग्रजी अमदानीतल्या लोखंडी कैचीच्या पुलावर कोणत्या पक्षाने माघार घ्यावी, याचा लेखी आदेश मिळणेबाबत.
संदर्भ : पुलाच्या तोंडाशी लावलेली पाटी, ‘एका वेळी एकच वाहन’.

महोदय,

१. अर्जदार निवृत्ती सखाराम ठेंग याची कन्या जयमाला हिचा विवाह आज दुपारी १२.३५ वाजता आहे. गावाची शीव पुलाच्या मधोमध येते. सबब अर्जदार सीमांतपूजनासाठी ट्रॅक्टर-ट्रॉलीत वाजंत्री व पूजेचे ताट घेऊन पुलावर गेला. पलीकडून व्याही भाऊराव नवरदेवाची जीप घेऊन आले. पाटी दोघांनीही वाचली होती आणि ते एकच वाहन आपले, अशी दोघांचीही खात्री होती.

२. पूजन यथासांग पार पडले. पुढे मात्र गाडे अडले. व्याह्यांचे म्हणणे, “नवरदेवाची गाडी मांगं जात नसते, इवाई.” नवरदेवाने पायी यावे, ही सूचनाही त्यांनी फेटाळली. अर्जदाराने स्वतःच्या शिवेवरून माघार घेतल्यास त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शिवाय चालक इंद्रभान याला ट्रॉली मागे घेता येत नाही, हे आजच उघडकीस आले. “काऊन पहिले नाही सांगतलं बे?” असे विचारता, “काम पडलंच नाही,” असा त्याने खुलासा केला.

३. व्याही म्हणतात, साहेबाचा कागद आणा, मग पाहू. म्हणून हा अर्ज बॉनेटवर लिहीत आहे. १२.१० झाले आहेत. पत्नी मनकर्णाबाई, “तुमी अर्ज लेहा, मी पोरीले घेऊन येतो,” असे बोलून तरातरा गेली आहे.

४. (दुपारी चार.) लग्न लागले. अंतरपाट पुलाच्या लोखंडाला बांधला. नवरी शिवेच्या अलीकडे, नवरदेव पलीकडे, त्यामुळे मानपानास बाधा आली नाही. निम्म्या अक्षता नदीत गेल्या.

५. पाठवणीच्या वेळी व्याही स्वतःच म्हणाले, “आता गाडी मांगं नाही, घरी जाऊन राह्यली.” जीप सबंध पूल उलटी गेली. एरवी बापाला जाणाऱ्या गाडीची पाठ दिसते. अर्जदाराला पूल संपेपर्यंत पुढच्या काचेतून लेकीचे तोंड दिसत होते. ती रडता रडता हसली. अर्जदार फार रडला, याची नोंद घ्यावी.

६. सबब वरील विषय रद्द समजावा. पूल रुंद करण्याचा प्रस्ताव असल्यास, अर्जदाराची धाकटी कन्या रेणुका हिचे लग्न होईपर्यंत तो थांबवावा. ती सध्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे.

स्थळ : पुलाचा मध्य
दि. १२ मे

आपला नम्र व आज रिकाम्या घरी निघालेला,
निवृत्ती सखाराम ठेंग

सोबत : लग्नपत्रिका एक (अर्ज तिच्याच पाठीवर आहे).
टीप : इंद्रभान ट्रॅक्टर वळवायला पलीकडे गेला आहे, अद्याप परतलेला नाही.