सावरीचा कापूस कोणाच्याच नावे नाही

मी, सुषमा सुनिल राऊत, वय सहासष्ट, आश्रमशाळेतील निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार गंजाड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे लिहिता येत नाही. पोटातल्या गाठीवर आता करण्यासारखे काही उरलेले नाही, असे वलसाडच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले आणि मी ते मान्य केले आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात दुसरे माणूसच नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर. हे घर मी आणि माझे कैलासवासी पती सुनिल यांनी आमच्या पगारातून बांधले. माझ्यानंतर ते माझी एकुलती एक मुलगी उन्नती पियुष मर्दे, सध्या राहणार वापी, हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. ती ते विकेल हे मी जाणून आहे. विकू नये अशी अट घालावी का, हे मी डहाणूच्या वकिलांना विचारले. ते म्हणाले, "लिहायला लिहा बाई, पण टिकणार नाही." म्हणून लिहीत नाही. देवघरातल्या मूर्ती मात्र घराबरोबर विकू नयेत, सोबत न्याव्यात. नेणे जमत नसेल तर समुद्रात सोडाव्यात.

कलम २. बँकेतील शिल्लक आणि माझे दागिने हेही उन्नतीलाच. माझ्या दिवसांचा खर्च त्यातून करावा. जेवणावळ नको.

कलम ३. माझे दीर देवजी राऊत, जे शेजारीच राहतात, त्यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. कारण लिहून ठेवते. आमच्या परसात सावरीची झाडे आहेत. चैत्रात बोंडे फुटली की कापूस उडतो आणि त्यांच्या अंगणात सुकत घातलेल्या चिकूच्या फोडींवर बसतो. एवढ्यावरून सुनिलच्या वर्षश्राद्धानंतर मी माहेरी गेले असताना त्यांनी कडेचे मोठे झाड तोडले. परत आल्यावर मी विचारले तेव्हा म्हणाले, "वहिनी, झाडच होतं." त्या झाडाच्या कापसावर आमच्या मागच्या शेडमधले एका हंगामाचे काम चालत असे. त्यांना क्षमा केली आहे, असे कोणी माझ्या नावावर सांगू नये.

कलम ४. हे कलम मागच्या शेडबद्दल आहे आणि ते लांबणार आहे.

निवृत्त झाल्यावर मी आणि पाड्यावरची शुक्री हाल्या धोडी, आम्ही दोघींनी त्या शेडमध्ये योगासनाच्या चटया आणि लोड करायला सुरुवात केली. शुक्रीच्या घरात पूर्वीपासून अंबाडीच्या दोरीच्या खाटा विणत. समुद्राकडच्या एका योगकेंद्राला प्लॅस्टिकच्या चटया नको होत्या. उन्हाळ्यात त्यांचा वास येतो, घामाने अंगाला चिकटतात, आणि झिजल्या की गटारात जाऊन पडतात, असे तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या. माझी एक विद्यार्थिनी तिथे कामाला होती, तिने माझे नाव सांगितले.

पहिली चटई नुसत्या सुताची केली. ती गुळगुळीत फरशीवर सरकली आणि एक गृहस्थ पडले. दुसरी नुसत्या अंबाडीच्या वाखाची केली, तिने लोकांचे गुडघे सोलले. शेवटी वरून जाड सूत आणि खालून अंबाडी, असे शुक्रीने मागावर जमवले. खालून रबर लावा, असे बऱ्याच जणांनी सुचवले. आम्ही लावले नाही. आसनाला लागणाऱ्या पट्ट्यांना खाटेची सुती नवार वापरली. डोळ्यांवर ठेवायच्या पिशव्यांत जवस भरले. लोडात सावरीचा कापूस. रंग कशालाच दिला नाही. आमचे सूत गुजरातच्या गिरणीतून येई. ते ऑरगॅनिक आहे का, असे गिऱ्हाईक विचारी, तेव्हा आम्हाला माहीत नाही, असेच मी सांगत असे. त्यामुळे काही ऑर्डरी गेल्या. तरी बऱ्याच राहिल्या. पाड्यावरच्या आणखी चार बाया येऊ लागल्या. सावर पिंजताना सगळ्यांचे केस पांढरे होत आणि शुक्री म्हणे, "बघा, सगळ्या एकदम म्हाताऱ्या झालो." माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षे होती, हे मी या कागदावर नोंदवून ठेवते.

माझे जावई पियुष यांचे अच्छाडला हायवेवर गाद्या-उशांचे दुकान होते आणि स्वतःचा टेम्पो होता. आमचा माल तेच पोचवत. तीन वर्षांपूर्वी योगकेंद्राकडून लोडांची मोठी ऑर्डर आली. सावर तेवढी नव्हती. मी केंद्राला सांगणार होते की पुढच्या हंगामापर्यंत थांबा. पियुष म्हणाले, "मम्मी, खोळी माझ्याकडे द्या. तलासरीत माझ्या ओळखीच्या बाया आहेत, त्यांच्याकडे सावर पडून आहे." मी शिवलेल्या खोळी दिल्या. खोळींवर आमचे नाव होते.

पावसाळ्याआधी केंद्राकडून सगळे लोड परत आले. शुक्रीने एकाची शिवण उसवली, हात घातला आणि बाहेर काढून माझ्यापुढे धरला.

"बाई, ही सावर नाय. सोफ्यातला फोम हाय."

मी त्याच दिवशी अच्छाडला गेले. पियुष दुकानातच होते. त्यांनी नाकारले नाही.

"वरचं कापड सुतीच आहे ना, मम्मी? आतलं फाडून कोण बघतो?"

"त्यांनी बघितलं."

"मग सांगा की सावर खराब निघाली. एवढं सांगायला काय जातंय? सगळा बाजार असाच चालतो."

उन्नती आतल्या खोलीतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

मी शुक्रीला घेऊन योगकेंद्रात गेले आणि जे झाले ते सांगितले. पियुषचे नावही सांगितले. मुख्य बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, आम्हाला नारळपाणी दिले आणि म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत, पण आता आम्ही लोकांना काय सांगायचं?" त्यानंतर त्यांची ऑर्डर आली नाही. त्यांच्याकडून ऐकून बाकीच्यांच्याही ऑर्डरी थांबल्या. पियुषच्या दुकानातला दुसरा मालही परत येऊ लागला. वर्षाच्या आत त्यांना दुकान सोडून वापीला नोकरी धरावी लागली. जाण्याआधी उन्नतीचा फोन आला. "लोडात काय भरलं त्याच्यापायी तू माझं घर उठवलंस," असे ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. माझ्या आजाराचे मी तिला कळवले आहे. उन्नती, तू हे वाचशील तेव्हा मी नसेन, म्हणून सांगते. तुझ्यावर माझा राग नाही. पण तशी वेळ पुन्हा आली असती तर मी पुन्हा तेच सांगितले असते.

बाया एकेक करून गेल्या. शेवटी शुक्रीही गेली. अच्छाडच्या चेकपोस्टच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत, एका कंपनीत तिला काम लागले. पहिल्या आठवड्यानंतर ती आली आणि ओट्यावर बसली.

मी विचारले, "काम जड आहे का?"

"जड नाय. तिथं पण योगाच्याच चटया होतात, बाई. प्लॅस्टिकच्या. वर हिरवी पानं छापतात, आम्ही कापायच्या." मग म्हणाली, "गोंदाचा वास डोक्यात बसतो."

आता तिला खोकला असतो. कंपनीतच काम करते. माझे आजारपण वाढले आणि पाठ गादीला टेकवेना, तेव्हा तिने कंपनीतून कडेला फाटलेली एक चटई आणली. देताना माझ्याकडे बघितले नाही. आमच्या शेडमधली एकही चटई एवढी मऊ नव्हती. खरे लिहायचे तर पाठीला बरे वाटते. मी तिच्यावरच निजते.

ही शेड, तिच्यातला माग, शिलाई मशीन, कात्र्या, उरलेले सूत, तसेच परसातली सावरीची झाडे आणि त्यांच्याखालची जागा मी शुक्री हाल्या धोडी हिला देत आहे. माझ्या पश्चात यावर उन्नतीचा किंवा देवजींचा हक्क राहणार नाही.

कलम ४ बद्दल दुरुस्ती. आज सह्यांसाठी भाताच्या गिरणीचे मनिष वरठा घरी आले. दुसऱ्या साक्षीदार म्हणून अंगणवाडीच्या ताई येणार होत्या, त्या आल्या नाहीत. शुक्रीला सुट्टी होती म्हणून ती माझ्यापाशी बसली होती. मी तिला चौथे कलम वाचून दाखवले. पुढे जे बोलणे झाले ते इथे लिहिते, म्हणजे नंतर कोणी वेगळा अर्थ काढणार नाही.

शुक्री म्हणाली, "माझं नाव काढा, बाई."

"का?"

"मी काय करू मागाचं? बाया नाय, गिऱ्हाईक नाय. झाडं ठेवली तर देवजीशेठ रोज भांडल. तोडली तर मला झोप नाय यायची."

"दुसरं कोणी नाही, शुक्री."

"ते मला पण म्हाईत हाय."

मी म्हणाले, शेड बंद राहू दे, नुसती तुझ्या नावावर असू दे. ती म्हणाली, "नावावर असली की रोज दिसल." मग मनिष यांनी विचारले, दुसऱ्या साक्षीदाराचे काय करायचे. मी सांगितले, शुक्रीला चालणार नाही. ज्याला हिस्सा मिळतो त्याने साक्षीला सही करू नये, नंतर वाद होतात, असे वकिलांनी बजावले आहे.

"मग बरंच झालं," शुक्री म्हणाली. "मी साक्षीला सही करते."

मी तिला पुन्हा विचारले. तिने पेन मागून घेतले आणि हातात धरून बसून राहिली.

सबब कलम ४ मधील शुक्रीला दिलेले सर्व काही रद्द समजावे. शेड, माग, सामान, झाडे आणि जागा घराबरोबर उन्नतीकडे जाईल. तिने त्याचे काय करावे याबद्दल माझी कोणतीही सूचना नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली आहे. साक्षीदारांनी माझ्या देखत सह्या केल्या आहेत.

लिहून ठेवणार: सुषमा सुनिल राऊत (सही)

साक्षीदार:
१. मनिष वरठा, भातगिरणी, गंजाड (सही)
२. शुक्री हाल्या धोडी, मजुरी, गंजाड. या मृत्युपत्राने हिला काहीही मिळत नाही. (सही)

ठिकाण: गंजाड
दिनांक: १३ एप्रिल २०२५