आमची सरासरी वाढली

चि. कामेन यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. स्टुटगार्टच्या हवेत तुझं पोट कसं आहे? इकडे आम्ही सुखरूप आहोत, शिवाय आता श्रीमंतही. (हसू नकोस, सरकारी कागद आलाय.)

कागद म्हणतो, आपला जिल्हा माणशी उत्पन्नात बाकीच्या युरोपच्या बराच जवळ पोचला. कसा, ते सरपंच मेतोदींनी समजावलं. कमावणारे निघून गेले, नदीकाठी एका परदेशी कंपनीने वीजकेंद्र टाकलं, त्याची कमाई कागदावर उरलेल्या आम्हा म्हाताऱ्यांच्या डोक्यांवर वाटली आणि सरासरी चढली. म्हणजे तू गेलास हाही हातभारच. श्रीमंतांना बसचं अनुदान कशाला, म्हणून शहराची बस बंद. आईला छातीच्या डॉक्टरकडे कसं न्यायचं, ते कागदात नाही. (तुमच्या जर्मनीला दर आठवड्याला पेत्कोची पार्सलची गाडी जाते, शहराला काही जात नाही. आई म्हणाली, "मग डॉक्टरही तिकडचाच बघा.")

आईचा स्वभाव तुला ठाऊक आहे. माणूस गेलं की आपण फोटोचं पत्रक फाटकावर लावतो, तसं तिने बसचं छापून घेतलं. काळी चौकट, खाली 'शोकाकुल: सर्व प्रवासी'. ते थांब्यावर चिकटवलं आणि रोज सकाळी डोक्याला रुमाल बांधून तिथेच बसू लागली. मी पुष्कळ भांडले. थंडीत छाती भरेल म्हटलं, पण ऐकेल तर ती आई कसली.

मग परदेशातून पाहणीला एक बाई आल्या. त्यांना ते पत्रक जाहिरात वाटली. बस वेळेवर येते ना, असं त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं. आम्ही सगळ्यांनी मिळून मान वर-खाली हलवली. आपल्याकडे हे 'नाही' असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या खूश होऊन 'सेवा समाधानकारक' लिहून गेल्या. मेतोदी हसले. मला मात्र इतका राग आला की दोन दिवस जेवण गेलं नाही.

तुझी ताई,
रुमेना

ता. क. आई परवा त्याच थांब्यावर बसल्या बसल्या गेली. वर 'सुखरूप' लिहिलं ते हाताच्या सवयीने. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र पेत्कोबरोबर पाठवते आहे.

आणखी एक. खांदा देण्याजोगे पुरुष गावात तीनच उरलेत. पेत्कोच्या परतीच्या गाडीत तुझी जागा धरली आहे. या खेपेला सुट्टी नाही मिळाली तर पुढच्या खेपेला ये. थंडी कडाक्याची आहे, आई थांबेल. तिला सवय आहे.