सकाळच्या खेळातली चोरी

नान्ना,

गेल्या रविवारी जावयाने टीव्हीवर नवा तेलुगू पिक्चर लावला. थिएटरात लागून दोनच दिवस झालेले. "आई, बघा, फुकटात. ग्रुपवर लिंक आली." पडद्याच्या खालच्या कडेला कुणाचं तरी डोकं दिसत होतं, मधेच कुणी खोकत होतं. लेक म्हणाली, "अहो, आईसमोर नको. आजोबांचं काय झालं माहितीय ना?" तो हसला. मीही हसले, आणि शेवटपर्यंत बघितला.

तुमचा कल्याणचा रविवार सकाळचा खेळ मला अजून पाठ आहे. शीळफाट्याच्या साइटवरचे आपले तेलुगू गवंडी, बिगारी टेम्पो भरून यायचे, बायका अबोलीचे गजरे माळून. हैदराबादहून पिक्चर आणायचा, थिएटर एका खेळापुरतं भाड्याने घ्यायचं, एवढाच तुमचा धंदा. पण इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात असे उभे राहायचात की घरचंच लग्न आहे. मी दहा वर्षांची असेन. खेळ सुरू झाल्यावर तुम्ही आत आलात, मला खुर्चीत बघितलंत. "तिकीट आहे?" नव्हतं. "मग उभी राहा." अख्खा पिक्चर मी भिंतीला टेकून उभी. दारावरचे काका, कळव्याचे, गाणं लागलं की आपलं स्टूल माझ्याकडे सरकवायचे. "बस गं पोरी. गाण्यात तुझा बाप विडी ओढायला जातो."

पुढे माझं लग्न झालं, आई अर्धांगाने पलंगाला खिळली. दर रविवारी विचारायची, आज काय होतं, हिरोईन कशी दिसते. म्हणून एका रविवारी मी बाल्कनीत बसून पर्समध्ये फोन उभा केला आणि सगळा पिक्चर काढला. कुणा नव्या दिग्दर्शकाचा साधा घरगुती पिक्चर. आई वीस मिनिटांत झोपली. करीमनगरच्या मामेभावाने मागितला, त्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या फोनवर होता.

आठवड्याभरात हैदराबादहून फोन आला. प्रत्येक थिएटरच्या पिक्चरवर डोळ्यांना न दिसणारी वेगळी खूण असते म्हणे. चोरीच्या कॉपीवर आपली निघाली. यापुढे तुम्हाला पिक्चर मिळणार नाही. तुम्ही काकांना घरी बोलावलंत. मी चहा घेऊन आले.

"दारावर तू होतास. कुणी काढला?"

"शेठ, कुणाच्या हातात मोबाइल दिसला असता तर तिथेच कानाखाली वाजवली असती."

तुम्ही माझ्याकडे वळून तेलुगूत विचारलंत, "तू वर होतीस ना? काही दिसलं?"

मीही तेलुगूतच म्हणाले, "काका अंधारात मोबाइल घेऊन उभे होते."

खोटं नव्हतं ते. किती वाजले ते बघत होते काका. आमच्या बोलण्यातलं त्यांना 'मोबाइल' एवढंच कळलं असेल. तुम्ही त्यांच्या तोंडात मारलीत, मी दिलेला कप त्यांच्या हातात असताना. सांडलेला चहा त्यांनीच वाकून आपल्या रुमालाने पुसला.

खेळ बंद पडला. तुम्ही एकदा शीळफाट्याला गेलात, तिथे एका फोनभोवती डोकी जुळवून बसलेले पाच-सहा गवंडी बघितलेत. तुमचीच माणसं. "अण्णा, या, बसा," म्हणून त्यांनी जागा करून दिली. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. माझी शाळा सातवीत सुटली, पण मिळेल ते वाचते. तेलुगू पिक्चरबद्दल मराठीत जे येतं ते तर शोधून. कुठला पिक्चर लागण्याच्या आदल्याच दिवशी फुटला, कुठल्याचा दुसरा आठवडा झालाच नाही. त्या नव्या दिग्दर्शकाचं नाव पुन्हा कधी वाचलं नाही.

वर्षाच्या आत तुम्ही गेलात. काका आले होते, फाटकाबाहेर उभे होते. मी पाणी नेलं. म्हणाले, "पोरी, मी नव्हतो गं. शेठला नाही पटलं. तुला तरी पटतं ना?" मी म्हणाले, "आता कशाला तो विषय, काका." त्यांनी पेला तसाच परत दिला.

माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. भांडण झालं की म्हणायचा, "काकांना बोलावू का?" दोन वर्षांपूर्वी तोही गेला. त्याच्याशिवाय दिवस ढकलतेय, अजून दोन कप चहा टाकते. पण तो गेला त्या दिवशी, रडताना, माझ्या मनात आलं होतं की मी काकांवर ढकललं हे आता कुणालाच माहीत नाही. सुटल्यासारखं वाटलं होतं, नान्ना.

काका अजून कळव्यातच आहेत. त्यांची सून बाजारात भेटते. सांगते, सासरे चष्मा लावून अख्खा पेपर वाचतात, जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. म्हणजे हे पत्र त्यांना वाचता येईल. तुम्हाला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणूनच मी हे मराठीत लिहिलंय, आणि काकांना नाही, तुम्हाला.