मेहुण्याच्या पॅकेटांचा खात्मा

३ जून
मेहुणा आमच्याकडे नोकरी शोधायला आलाय. शोधतो फक्त शत्रू. दिवसभर हेडफोन लावून गेम. मार, मुडदा पाड, असा आरडाओरडा. घरचं सगळं इंटरनेट तोच गिळतो. सोमवारी बायकोची व्हिडिओवर मुलाखत. माझी नोकरी गेल्यापासून घराची सगळी मदार तिच्यावर. तेव्हा गेमच्या डेटाचं एकेक पॅकेट राउटरच्या दारातच कापणार.

४ जून
तयार टूल वापरायला मी काय शिकाऊ आहे? पॅकेटं अडवणाऱ्या राउटरच्या फिल्टरला फक्त आकडे कळतात. मी 'ड्रॉप' म्हणजे अडव, 'पास' म्हणजे जाऊ दे, असे शब्द लिहीन, माझा असेंबलर त्यांचे आकडे करील. छोटासाच. दुपारपर्यंत उरकेल.

६ जून
उरकला नाही. कीबोर्डवर बुक्की हाणली. चार बटणं उडाली. हल्ली माल हलकाच येतो. बायको म्हणाली, सोमवारी तासभर खेळू नकोस, एवढं त्याला सांगा की. मी म्हटलं, शत्रूशी बोलणी करत नसतात.

७ जून
फिल्टर एका ओळीवरून दुसरीवर उडी मारतो. मॅन्युअल म्हणतं, ती उडी पुढच्या ओळीपासून मोजा. मूर्खपणा. माणूस उभा असतो तिथूनच उडी मारतो. मी आपल्याच ओळीपासून मोजली. गेम असेल तर उडी ड्रॉपवर, नसेल तर त्याखालच्या पासवर. शिवाय तळाशी एक जादा ड्रॉप, निसटलेल्यांचा गळा आवळायला.

८ जून, सकाळ
फिल्टर चढवला. टेस्ट केली नाही. आत्मविश्वास म्हणून काही असतं.

८ जून, दुपार
मुलाखत बायको नाव सांगत असतानाच तुटली. मग घरात काहीच लागेना. आतून मेहुणा खुशीत ओरडला, दाजी, काय केलंत, आज एकदाही अडकलं नाही. मी कीबोर्ड फेकून मारला. त्याचा कान फुटला. त्याने माझं डोकं कपाटावर आपटलं. मी त्याच्या दंडाला कडकडून चावलो. पुढचा दात तिथेच गेला. बायकोने दोघांवर बादली ओतली. ती रडत होती. ते मात्र मला बघवलं नाही.

९ जून
मेहुण्याने टाचणीने राउटरचं रीसेट दाबलं. सगळं सुरू झालं. मुलाखत घेणाऱ्या कंपनीला त्यानेच फोन करून, हातापाया पडून, उद्याची वेळ मिळवली. प्रत्येक उडी एक ओळ पुढे पडली होती, गेम पासवर, बाकी सगळं तळच्या ड्रॉपवर. माझं डिझाइन बरोबरच होतं, फक्त उलटं चाललं.

उद्या मुलाखत संपेपर्यंत मी जिन्यात बसायचं, असं बायकोने सांगितलंय. मेहुणा आत थांबणार. माझी किल्लीही काढून घेतली. तिचा फिल्टर पहिल्याच खेपेला चालला.