स्टॅलर्डची बिटर

९ फेब्रुवारी

लावली एकदाची! चाळीस पाइंट बिअर. सकाळपासून स्वयंपाकघरात नुसती वाफ. भिंतीचा रंग सुटतो की काय, ही धास्ती वेगळीच. आधी मॉल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं जव, गरम पाण्यात मुरवलं, मग त्या पाण्याला दीड तास उकळी, तिच्यात हॉप्सची कडू फुलं, गार झाल्यावर पुडीतलं यीस्ट. वास थेट स्टॅलर्डच्या बिअर कारखान्याच्या फाटकातला. पाच वर्षांनी नाकात गेला आणि मी ओट्याला धरून उभा राहिलो.

कारखाना बंद पडला तेव्हापासून तिथली बिटर, ती कडसर बिअर, कुठेच मिळत नाही. मी तिथे एकेचाळीस वर्षं पिंपं लोटली, पण बिअर घडवायचा तो एनॉक. माझा थोरला भाऊ.

११ फेब्रुवारी

फसफसत नाही. झाकण तीनदा उघडून पाहिलं. उघडू नये म्हणतात.

१२ फेब्रुवारी

फसफसली! उगाच रात्रभर जागलो.

२३ फेब्रुवारी

बाटल्या भरून जिन्याखाली ठेवल्या. साखर जास्त पडली असेल तर फुटतील. येता-जाता कान तिकडेच. वर जुनं ब्लँकेट टाकलंय.

कशासाठी हा खटाटोप, हे इथे तरी लिहावं. कारखान्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे संपावर, फाटकाबाहेर उभे होतो. कुणी आत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं होतं. एनॉक गेला. टाक्यांमध्ये अर्धी झालेली बिअर आहे, ती नासू देणार नाही म्हणाला. मी त्याला सगळ्यांदेखत फितूर म्हणालो. माझा सख्खा भाऊ. दोन मैलांवर राहतो. नाताळाचं कार्ड येतं, तेही वहिनीच्या, डोरीनच्या अक्षरात.

नुसतं ‘ये’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बिटर जमली तर म्हणता येईल — जरा चाखून सांग. ती जीभ त्याच्याशिवाय कुणाला आहे?

१५ मार्च

पहिली बाटली उघडली. बिअर आहे, पण ती नाही. गोडसर, ढिली. शेजारच्या क्लाइव्हला दिली. त्याने दोन घोट घेतले, ग्लास खाली ठेवला. म्हणाला, “विल्फ, आज तुझ्यामुळे मला चहाची किंमत कळली.” मेला अख्खा ग्लास संपवून गेला!

१७ मार्च

मॉल्टच्या दुकानात मिसेस पेलना विचारलं. त्यांनी एकच विचारलं, पाणी कुठलं वापरलं? म्हटलं, नळाचं, आपल्या बर्टन गावचंच. बाई हसायलाच लागल्या. नळाला पाणी येतं ते लांबच्या धरणातून, मऊ. स्टॅलर्डचं पाणी त्यांच्या विहिरीचं, जिप्सममधून झिरपलेलं, जड. जगभरचे बिअर करणारे बर्टनसारखं पाणी व्हावं म्हणून आपापल्या पाण्यात जिप्सम कालवतात. आणि बर्टनमध्ये जन्मलेला मी, नळ सोडून मोकळा! बसमध्ये एकट्याचीच लाज वाटली.

जिप्सम घेतलं. पण यीस्टचं काय? पुडीतलं यीस्ट परकं. स्टॅलर्डचं एकाच ठिकाणी उरलंय.

१९ मार्च

उघडली ती बाटली. एनॉकच्या शेवटच्या भट्टीतली. त्याला फितूर म्हणालो आणि पुढच्याच महिन्यात दुकानात जाऊन गुपचूप घेऊन आलो होतो. पाच वर्षं कपाटात, मोज्यांच्या मागे. वरची बिअर ओतून घेतली. चव मेलेली, ओल्या पुठ्ठ्यासारखी. तरी प्यायलो. तळाचा गाळ, म्हणजे स्टॅलर्डचं यीस्ट, मॉल्टच्या पाण्यात घालून बरणी गरम पाण्याच्या टाकीशेजारी ठेवली.

२२ मार्च

काही नाही. आता ती बाटलीही गेली.

२४ मार्च

बरणीत बुडबुडे. मोजले. एका मिनिटात चार. पाच वर्षं झोपलं होतं तिथे!

२९ मार्च

दुसरी लावली.

३ मे

उघडली. काही लिहीत नाही. हात धुतले आणि फोन केला. डोरीनने उचलला. मी पाठ केलेलं बोललो — एक बिअर जमवलीय, एनॉकला चाखायला वेळ आहे का? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, विचारते.

५ मे

आला. खूप बारीक झालाय. कोट न काढताच बसला. मी ग्लास दिला. खिडकीकडे धरून रंग पाहिला, फेस पाहिला, काठाला चिकटलेली फेसाची जाळी पाहिली. मग प्यायला. सावकाश.

“हीच ती,” म्हणाला.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. मग तो म्हणाला, “हॉप्स कमी पडलेत, धाकट्या. अर्धा औंस वाढव. पुढची लावशील तेव्हा मी समोर बसतो, तुझ्या भरवशावर नको.”

त्या दिवसाच्या शब्दाबद्दल बोलायला मी तोंड उघडलं. तो म्हणाला, “ग्लास रिकामाय.” भरला. तीन झाले. कोट काढला.

७ मे

एनॉक तिकडे त्यांच्या बागेत असताना डोरीनचा फोन आला. दोन हिवाळ्यांमागे तो बर्फावर घसरून पडला, डोकं आपटलं. तेव्हापासून त्याला वास नाही, चव नाही. चहात साखर की मीठ, तेही कळत नाही. “मी हे तुम्हाला सांगितलं, ते त्याला कळू देऊ नका,” म्हणाली. “तुमच्याकडून आल्यापासून शिट्टी वाजवतोय.”

गुरुवारी तिसरी लावायची. एनॉक येतोय. अर्धा औंस हॉप्स जास्त मोजून ठेवले.