गुंतवळ आणि सहा लिंबं

इंदिरानगर, नाशिक
९ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षाली,
अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. अक्षर लागलं नाही तर चाळीस वर्षं फळ्यावर केमिस्ट्री खरडणाऱ्या या हाताला दोष दे.

बातमी अशी की, गच्चीवरच्या ड्रममधल्या झाडाला लिंबं लागली. सहा! तुझी आई सात वर्षं त्याची मनधरणी करत होती आणि मी तिला हसत होतो. काल अख्ख्या बिल्डिंगला हाका मारून गच्चीवर नेलं.

आता खरं सांगतो. आई गेल्यावर कपाटात श्रीखंडाचा डबा सापडला. आत तिचं गुंतवळ. विंचरताना गळलेले केस, केसांवर भांडी देणाऱ्या बाईसाठी जपून ठेवलेले. कचऱ्यात टाकवेना. त्याच ड्रममध्ये पुरले. केसांत नत्र असतं, गंधक असतं. दोन वर्षांत कुजून ते मुळांवाटे वर गेलं असणार.

घरकामाला येणाऱ्या नवसाबाई म्हणाल्या, "सर, बाई परत आल्या."

"बाई नाही हो, नत्र."

"नत्र म्हना नायतर बाई म्हना. लिंबू लागला ना?"

पुनर्जन्म मी आजही मानत नाही. झाडाला ना माझं नाव माहीत, ना तुझं. आणि शेणखतही घातलं होतंच. पण तिच्यातलं काहीतरी त्या लिंबांत आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो, आणि मला भयंकर आनंद झालाय.

दहाव्याला आपल्या नाशकातल्या गंगेवर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तू रडत म्हणालीस, "बाबा, आईला काहीतरी कबूल करा ना." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ऐकायला आहे कोण?" तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस.

चुकलो, बाळा. हल्ली रोज सकाळी पाणी घालताना मी त्या झाडाशी बोलतो. तिथे म्हणायचं राहिलं ते म्हणतो: ललिता, पोरीला सांभाळीन.

अजून एकही लिंबू तोडलेलं नाही. आईच्या लोणच्याची कृती वहीत सापडली, पण मीठ किती ते तिने लिहिलेलंच नाही. ते फक्त तुला ठाऊक. साली पिवळ्या पडायला लागल्यात. ये.

ऐकायला कोण आहे हे न विचारता बोलणारा,
तुझा बाबा